जावेची शीर

माझ्या जावेचा पाय ऑपरेशनला सात वर्षं झाली तरी चालतोय आणि माझा पाचव्या वर्षी कापला. आजार एकच, हॉस्पिटल एकच, डॉक्टर एकच, आणि दोन ऑपरेशनांमध्ये अंतर चार महिन्यांचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे लिहिणार आहे त्यात माझा हेवा जागोजागी दिसणार आहे आणि तो झाकत बसण्याचं माझं वय राहिलेलं नाही.

आमची दोन घरं एकाच अंगणात. पूर्वी मागच्या दारात उभं राहिलं की नजर पोचेल तिथवर मिठागरं दिसायची. आता त्यांचा एक तुकडा उरलाय आणि त्याच्या पलीकडे कंटेनरच्या निळ्या-लाल रांगा. खाडीचा बांध तेवढा आहे तिथेच आहे. रोज सकाळी सहाला थोरली जाऊ माझ्या खिडकीखालून त्या बांधावर चालायला जाते. तिच्या चपलांचा फटफट आवाज होतो, जातानाही आणि येतानाही. मधे कुठे थांबत नाही. मी अंथरुणात पडून तो आवाज ऐकते. शेजारी भिंतीला टेकून माझा नकली पाय उभा असतो. सकाळी सहाला कोणाचा इतका राग येणं बरं नाही, पण मला येतो.

मी ह्या घरात आले तेव्हा ती पाच वर्षांची जुनी सून होती. मी डी.एड. झालेली, जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरीला लागलेली. ती सहीच्या जागी अंगठा लावणारी आणि उजाडायच्या आत मिठागरावर जाणारी. मी शाळेसाठी साडीला पिना लावत असायचे तेव्हा ती डोक्यावरून मिठाच्या पाट्या वाहून घामाघूम झालेली असायची. सगळं गाव मला ‘बाई’ म्हणायचं. ती एकटी ‘मास्तरीण’ म्हणायची. कौतुकानेच म्हणायची, तरी मला ते टोचायचं. मी तिला ‘बाय’ म्हणते. आमच्याकडे मोठ्या बाईमाणसाला तसंच म्हणतात.

आता कोणीही विचारेल, माझ्याकडे पगार होता, खुर्ची होती, मान होता, तर हेवा तिने करायचा की मी? पण केला मी. माझा मुलगा मी शाळेत असताना तिच्या कडेवर वाढला. बोलायला लागला तेव्हा पहिल्यांदा ‘आय’ म्हणाला तो तिला. ती हसत त्याला म्हणाली, “मी न्हाय रं, ती बग तुजी आय, खडूवाली.” सगळे हसले, मीही हसले. मुलगा आता मोठा बाप्या झालाय, त्याला ते आठवतही नसणार. मला मात्र त्या दिवशी तिने नेसलेल्या लुगड्याचा रंगसुद्धा आठवतो.

आम्हा दोघींमध्ये एकाच गोष्टीवरून कधी वाकडं आलं नव्हतं, ती म्हणजे मशेरी. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, चुरायची आणि फडक्यातून गाळून डबीत भरायची. सकाळी त्या मशेरीने दात घासायचे. दुपारी भांडी आवरली की ओटीवर बसून पुन्हा एकदा. दुपारची मशेरी दातांसाठी नसते हे सगळ्यांना ठाऊक असतं, पण तसं कोणी म्हणत नाही. बोट हिरडीवर फिरत असतं आणि गप्पा चालू असतात. आमच्याकडे दोन बायकांचं कितपत जमतं हे बघायचं असेल तर कोण कोणाच्या डबीत बोट घालते ते बघावं. परक्या बाईला चहा देतील, जेवायला वाढतील, डबी पुढे करणार नाहीत.

थोरल्या जावेच्या हातची मशेरी सगळ्या आळीत नावाजलेली होती. तिची भाजणी कधी करपायची नाही की कच्ची राहायची नाही. मला भाजता यायची नाही, धुराने शिंका सुटायच्या. त्यामुळे दर रविवारी ती माझी डबी भरून द्यायची. बामाची जुनी डबी होती, तिच्यावरचं चित्र घासून गेलेलं. तीस वर्षं मी ती डबी तिच्याकडून भरून घेतली. तिच्याकडून दुसरं काही घ्यायची वेळ मी माझ्यावर येऊ दिली नाही.

आजार आधी तिला झाला. बांधावर शंभर-दीडशे पावलं गेली की पोटरीत गोळा यायचा. दोन मिनिटं उभी राहिली की बरं वाटायचं, पुन्हा चालली की पुन्हा गोळा. सगळे म्हणाले, वय झालं, मीठ ओढून ओढून पाय थकले. मग अंगठ्याला एक जखम झाली ती काही केल्या भरेना. साखर तिलाही होती आणि मलाही. मुंबईला नेलं तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं की पायाला रक्त नेणारी धमनी मांडीपासून खाली बुजलीय. हृदयाची बायपास करतात तशी पायाचीही करतात. मांडीतलीच एक शीर घेऊन ती बुजलेल्या भागाच्या वर आणि खाली जोडायची, की रक्त त्या वाटेने पावलापर्यंत पोचतं. ऑपरेशन झालं, जखम भरली, महिन्याभरात ती अंगणात हिंडायला लागली.

जो तो तिला बघायला येत होता. माझ्या शाळेतल्या बाईसुद्धा येऊन गेल्या, तिच्या पायाशी बसून कौतुक करून गेल्या. दोन महिन्यांनी शाळेतून घरी येताना माझ्या डाव्या पोटरीत गोळा आला. भीती वाटलीच. पण त्या भीतीच्या मागे एक फुटकं समाधानही होतं, की चला, आता आपणही बरोबरीला आलो. आमचे हे म्हणाले, “जावा-जावांनी आजारपण पण वाटून घेतलं.” ह्यांचा विनोद असाच असतो.

माझ्या ऑपरेशनच्या आधी डॉक्टरांनी माझ्या मांडीवर मशीन फिरवून फिरवून बघितलं. मग म्हणाले, “बाई, तुमची शीर फार बारीक आहे, दोन्ही मांड्यांतली. उपयोगाची नाही. कृत्रिम नळी घालावी लागेल. ती गुडघ्याच्या खाली न्यायचीय, तिथे नळी शिरेइतकी टिकत नाही. पण पाय वाचवायला आत्ता दुसरा मार्ग नाही.”

मी पहिला प्रश्न काय विचारावा? “माझ्या जावेला तर तिची स्वतःची शीर घातली ना?”

“त्यांची चांगली होती,” डॉक्टर म्हणाले.

बाईमाणूस साडीचा हेवा करतं, सोन्याचा करतं, मुलांचा करतं. मी माझ्या जावेच्या मांडीतल्या शिरेचा केला. घरी सगळ्यांना सांगत सुटले की तिला शीर मिळाली, मला नळी. जणू हॉस्पिटलात वाटप चाललं होतं आणि तिने रांगेत पुढे घुसून चांगलं ते उचललं होतं.

त्याच दिवशी डॉक्टरांनी नेहमीचा प्रश्नही विचारला. बिडी, सिगारेट, तंबाखू? मी म्हणाले, “छे, मी शिक्षिका आहे.” हे शेजारी उभे होते, ते हसले. डॉक्टरांनी कागदावर ‘नाही’ लिहिलं. मी खोटं बोलतेय असं मला त्या क्षणी वाटलंही नाही. मशेरीने आम्ही दात घासत होतो आणि दात कशाने घासता हे कोणी विचारलं नव्हतं. दर वर्षी मी शाळेत पोरांना रांगेत उभं करून तंबाखूमुक्तीची शपथ द्यायचे, तेव्हाही माझी डबी पर्समध्येच असायची.

ऑपरेशन होऊन घरी आल्यावर पहिल्याच रविवारी थोरली जाऊ आली. तिने माझ्यासमोर माझी डबी ठेवली. रिकामी होती, राखेने घासून लख्ख केलेली. तिच्याशेजारी एक टूथपेस्ट आणि ब्रश ठेवला.

“मशेरी कुठाय?” मी विचारलं.

“मी भाजाची सोडली गो. डाक्टरनी सांगलाय, ती बी तंबाखूच हाय. शीर बंद करते. तू बी सोड.”

“मला नाही सांगितलं डॉक्टरांनी.”

“तू इचारलंस का? मी डबीच नेलती तेना दाखवाला.”

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अंगठा लावणारी बाई मला आरोग्य शिकवणार! आणि तेही हातात ब्रश देऊन, पहिलीतल्या पोराला द्यावा तसा. मला वाटलं, स्वतःला चांगली शीर मिळाली, आता हिला अक्कल पण आली. तीस वर्षं भरून दिलेली डबी हिने एका दिवसात बंद केली, आणि वर उपकार केल्यासारखं तोंड. मी म्हणाले, “तू तुझं बघ, बाय. मला शिकवायला मी कोणाची विद्यार्थिनी नाही.” टूथपेस्ट शाळेतल्या मदतनीस बाईला देऊन टाकली आणि पुढच्या रविवारी उरणच्या बाजारातून मशेरीची पुडी मागवली. हलक्या प्रतीची होती, घशाशी खवखवायची. तरी मी ती डबीत भरली आणि ओटीवर अशी बसले की तिला तिच्या दारातून दिसावं.

हे जर दुसऱ्या कोणी सांगितलं असतं, डॉक्टरांनी, नर्सने, अगदी बाजारातल्या कोळणीने, तर मी मशेरी सोडली असती. तिने सांगितलं म्हणून सोडली नाही.

एवढं होऊनही रोज सकाळी आमची गाठ पडायची, कारण तिला माझी बोटं लागत. रोज पायाची नाडी चाचपून बघा, असं डॉक्टरांनी दोघींनाही सांगितलं होतं. मिठागरावर जन्म घालवून तिच्या बोटांची कातडी चपलेच्या तळासारखी झाली होती, तिला काही कळायचं नाही. माझ्या शाळेच्या वेळेला ती अंगणात येऊन पाय पुढे करायची. “मास्तरीण, तुजी बोटं मऊ हायेत. बग गो, चालतंय का.” तिची शीर गुडघ्याच्या आतल्या अंगाला कातडीच्या अगदी खाली होती. बोट ठेवलं की टप टप असं उडताना लागायचं. माझ्या पावलावर मात्र मला मिनिटभर शोधावं लागायचं, तेव्हा कुठे काहीतरी हललं असं वाटायचं. मी तिला तोऱ्यात “चालतंय” सांगायचे आणि शाळेत जाऊन पहिल्या तासाला पोरांवर ओरडायचे.

तपासणीला आम्ही बरोबर जायचो, मोऱ्याच्या बंदरातून लाँच पकडून. भाऊच्या धक्क्याला भरती-ओहोटीप्रमाणे पायऱ्या कमी-जास्त चढाव्या लागतात. ती लुगडं सावरून भराभर वर जायची आणि वरून माझ्यासाठी हात पुढे करायची. मी तो हात धरायचे नाही, कठड्याला धरून चढायचे. आत गेलं की पायाला थंड जेल लावून मशीन फिरवत, आणि रक्त वाहतं त्याचा आवाज खोलीभर घुमे. तिचा आवाज भरतीच्या पाण्यासारखा. मशीनवाली मुलगी म्हणायची, “मावशी, तुमची शीर एकदम मस्त.” माझ्या वेळी ती मुलगी मशीनची बटणं फिरवत बसायची आणि काही बोलायची नाही. हेच दर सहा महिन्यांनी. डॉक्टर दर वेळी विचारायचे, तंबाखू नाही ना? मी दर वेळी सांगायचे, नाही. आता मला कळत होतं की मी काय बोलतेय. पण पहिल्यांदा नाही म्हटलं होतं, आता हो कसं म्हणणार?

तिसऱ्या वर्षी, गणपती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी उठले तर डावा पाय बर्फासारखा गार आणि पांढराफटक. ठणका असा की ओरडले. नळी बंद पडली होती. गाडीत घालून मुंबईला नेलं. औषध सोडून, तारा घालून, गुठळी विरघळवून ती पुन्हा चालू केली. दुसऱ्या दिवशी डॉक्टर खाटेशी आले आणि त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला. थोरली जाऊ माझ्या पायाशी उभी होती. मी तिच्याकडे डोळे वटारून बघितलं आणि “नाही” म्हणाले. ती मिठाची गुळणी धरून उभी राहिली.

डॉक्टर गेल्यावर ती माझ्या कानाशी वाकली. “सांग गो तेना. तो काय मारनार हाय का तुला? तुजा पाय हाय.”

आणि मी ओरडले. सगळा वॉर्ड ऐकत होता. “तुझीच नजर लागली माझ्या पायाला! आधी माझं पोर घेतलंस, चांगली शीर घेतलीस, आता पायही नको का मला?”

ती सरळ झाली. स्टुलावरची पिशवी उचलली आणि गेली. घरी आल्यावर मी मीठ-मोहऱ्या ओवाळून घेतल्या, तिच्याच मिठागराच्या मिठाने, आणि चुलीत टाकल्या. नजर लागली होती हे खरंच होतं, फक्त कोणाची कोणाला ते मी उलटं सांगत होते. त्यानंतर ती नाडी दाखवायला अंगणात आली नाही. तपासणीला आम्ही वेगवेगळ्या दिवशी जायला लागलो. एकाच अंगणात राहून आम्ही चार वर्षं एकमेकींशी बोललो नाही. गोडधोड केलं तर मुलाच्या हातून ताट यायचं आणि मुलाच्या हातूनच जायचं.

नळी मग पुन्हा बंद पडली, पुन्हा उघडली. पाचव्या वर्षी ती कायमची मिटली. बोटं काळी पडली. डॉक्टरांनी सगळे उपाय करून बघितले आणि शेवटी गुडघ्याच्या खाली पाय काढला.

त्यानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी सकाळी मी खाटेवर बसून मशेरी घासत होते. सिस्टर आली, तिने बघितलं, हातातली डबी घेतली, वास घेतला आणि डॉक्टरांना बोलावलं. डॉक्टर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी स्टूल ओढलं, माझी जाडजूड फाईल मांडीवर घेतली आणि एकेक पान उलटत गेले. प्रत्येक पानावर तंबाखूपुढे ‘नाही’ लिहिलेलं होतं, त्यांच्याच अक्षरात.

“म्हणजे माझा पाय मशेरीने गेला?” मी विचारलं.

“इतकं सरळ नाही सांगता येत, बाई. नळी होती, साखर आहे. मशेरी नसती तरी कदाचित बंद पडली असती. पण मशेरी चालू ठेवून ती टिकेल अशी आशा फारच कमी होती. मला माहीत असतं तर मी तुमच्या मागे लागलो असतो.” त्यांनी फाईल मिटली. “आता उजव्याचं बघू. त्या पायातही सुरुवात झालीय. त्या मांडीतही चांगली शीर नाही, त्यामुळे पुन्हा ऑपरेशन करायची वेळ आली तर माझ्या हातात फार काही नसेल. तो पाय दोनच गोष्टी वाचवतील. मशेरी बंद, आणि चालणं. नकली पाय बसला की रोज चालायचं. दुखेपर्यंत चाला, थांबा, दुखायचं थांबलं की पुन्हा चाला.”

ह्या सगळ्यातला ‘कदाचित’ तेवढा मी घट्ट धरून ठेवला. अजूनही मनाला लागलं की तो काढून बघते.

सिस्टरने मशेरी फेकून डबी मला परत दिली. घरी आल्यावर तीन महिने मी मशेरीला खरोखर शिवले नाही. मग एका दुपारी ओटीवर बसले असताना चिमूटभर. त्यानंतर सोडते आणि धरते. डॉक्टरांना सांगते, सोडली. ह्यांनाही तेच सांगते. नकली पाय बसून वर्ष उलटून गेलं, तरी चालणंही धड झालं नाही. अंगणात चार फेऱ्या मारायच्या आणि बसायचं. आमच्या गावात चालण्यासारखी सपाट जागा म्हणजे बांध, रस्त्यावर तर ट्रेलर अंगावर येतात. आणि बांधावर सकाळी ती असते. माझं ते खुरडत चालणं तिने बघावं हे मला सोसणारं नव्हतं. म्हणजे पाय जायची वेळ आली तरी माझं तिच्याकडे बघणं सुटत नव्हतं.

गेल्या महिन्यात तपासणीला गेले. मशीनवाली मुलगी उजव्या पावलावर बराच वेळ फिरत राहिली आणि बटणं फिरवू लागली. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला आता पाठ आहे. डॉक्टर म्हणाले, “बाई, चालत नाही आहात तुम्ही.” येताना लाँचमध्ये मी उजव्या पायावर दोन्ही हात ठेवून बसले होते. हाही गेला तर संडासला न्यायलासुद्धा कोणीतरी लागेल. आमच्या ह्यांचे गुडघे गेलेत. सून भली आहे, पण तिच्यावर किती टाकायचं?

दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला उठले, नकली पाय चढवला, काठी घेतली आणि अंगणाच्या पायरीवर जाऊन बसले. सहाला फटफट आवाज आला. थोरली जाऊ माझ्यासमोर येऊन थांबली. केस पार पांढरे झाले होते. रोज खिडकीतून आवाज ऐकत होते, तोंड मी चार वर्षांत जवळून बघितलंच नव्हतं.

मी काय बोलायचं ते रात्री ठरवून ठेवलं होतं, ते राहूनच गेलं. ती माझ्या शेजारी पायरीवर बसली. लुगडं गुडघ्यापर्यंत वर केलं आणि पाय पुढे केला.

“बग गो. चार वरसं कोनी बगला न्हाय.”

“डॉक्टर बघतो ना?” मी विचारलं.

“तो आता वरसातना एकदा. बाकीचे दिस मी चालून बगतंय. बांधाच्या टोकापरत गेली नि गोला न्हाय आला, का समजाचा, चालतंय. लय भ्या वाटते गो सकालची.”

चार वर्षं मी त्या चपलांच्या आवाजात तोरा ऐकत होते. ती रोज सकाळी घाबरत घाबरत माझ्या खिडकीखालून जात होती आणि वाटेत थांबायची हिंमत करत नव्हती.

मी तिच्या गुडघ्याच्या आत बोटं ठेवली. पहिल्यांदा सापडलं नाही, मग सापडलं. तसंच, टप टप, सात वर्षांनीही बोटाला उडवून लावणारं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, वर्गातलं पोर निकालाच्या दिवशी बघतं तसं. आणि देवाशपथ सांगते, माझ्या मनात आलं, म्हणावं, लागत नाही. एवढे दोन शब्द पुरे होते. तिचं सकाळचं चालणं, ती भराभर पायऱ्या चढणं, सगळं मिटून ती माझ्या शेजारी त्या पायरीवर येऊन बसली असती, कायमची. खोटं बोलायला मला काही वाटणार नव्हतं. शिकलेल्या डॉक्टरांना पाच वर्षं फसवलं, तिथे हिची काय कथा. माझी बोटं तिथेच होती आणि ती वाट बघत होती.

“चालतंय, बाय,” मी म्हणाले. “मस्त चालतंय.”

तिने मोठा श्वास सोडला आणि लुगडं खाली केलं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “आता तू. तोंड उघड.”

दर सोमवारी मी वर्गात पोरांची नखं आणि दात तपासायचे. तसंच मी तिच्यापुढे तोंड उघडलं. तिने माझी हनुवटी धरून उजेडाकडे वळवली, अंगठ्याने ओठ खाली ओढून हिरड्या बघितल्या, जवळ येऊन वास घेतला. त्या बोटांना शीर कळत नाही, पण तीस वर्षं मशेरी भाजलेलं नाक आहे.

“कालची हाय,” ती म्हणाली.

डॉक्टरांनी हाच प्रश्न किती वेळा विचारला असेल. फाईलभर उत्तरं आहेत.

“व्हय,” मी म्हणाले. “कालची आहे. दुपारची.”

ती ओरडली नाही, मान हलवली नाही, मी सांगितलं नव्हतं का, असंही म्हणाली नाही. नुसता हात पुढे केला. मी कमरेची डबी काढून तिच्या हातावर ठेवली. तिने ती बघितली, ओळखली, पदराच्या टोकाला बांधली आणि उठली. “चल.”

बांधावर वारा होता. मिठागरात पाणी सोडलेलं होतं. माझी काठी, माझा नकली पाय आणि पुढे तिच्या चपला. पन्नास-साठ पावलं झाली आणि उजव्या पोटरीत गोळा आला. मी थांबले. ती पुढे चालत होती, सरळ, सहज, तिच्या त्या चांगल्या शिरेवर, आणि त्या क्षणीही मला तिचा हेवा वाटला, पोटापासून वाटला. मग फटफट थांबली.